दाद न मागणारी फिर्याद

सेवानिवृत्त शासकीय कर्मचाऱ्याने उर्वरित आयुष्यात काय ऐकावे, यासंबंधी शासनाचा कोणताही निर्णय, परिपत्रक अथवा शुद्धिपत्रक माझ्या अवलोकनात आलेले नाही. आणि ज्या बाबतीत नियम मूक असतात त्या बाबतीत प्रचलित वहिवाट पाळावी, हा महसूल खात्याचा शिरस्ता अंगात मुरलेला असल्यामुळे, भंडाऱ्यातील माझ्या वयाचे गृहस्थ जे ऐकतात तेच, म्हणजे पहाटे आकाशवाणीवरील भजने, दुपारी पत्नीचे म्हणणे आणि रात्री शेजारच्या वरातीतला डीजे, एवढेच मी आजवर निमूटपणे ऐकत आलो.

ही घडी विस्कटली ती भाच्यामुळे. साकोलीकडचा हा मुलगा स्पर्धापरीक्षेच्या अभ्यासासाठी आमच्या माडीवरच्या खोलीत मुक्कामास आला, आणि पुस्तक पुढे उघडे टाकून, कानांत दोन पांढऱ्या गुंड्या खुपसून, नुकतीच कारणे दाखवा नोटीस हाती पडलेल्या कारकुनाच्या मुद्रेने तो तासन्‌तास भिंतीकडे पाहत बसू लागला. प्रकृतीची, पैशांची आणि अखेरीस, आवाज खाली आणून, एखाद्या मुलीची अशी क्रमवार चौकशी मी केली. "तसं काई नाही जी, मामाजी," तो म्हणाला, "इमो आयकून राह्यलो. तुमी बी एकखेप आयकून तं पाहा. पन नीट आयका, मंधात उठू नोका."

नीट ऐकण्याची ताकीद मला द्यावी, हे धारिष्ट्य त्याच्या अज्ञानातून आले होते. अव्वल कारकून म्हणून माझी हयात ऐकण्यातच गेलेली आहे. धुऱ्याचे तंटे, पांदण रस्त्यावरची अतिक्रमणे, मामा तलावाच्या पाण्याच्या पाळ्या हे सर्व मी ऐकले; आणि हे तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव असून त्यांचा मामांशी संबंध नाही, हे बाहेरून बदलून आलेल्या प्रत्येक साहेबास समजावून सांगितले व त्याचे त्यावरील हसणेही ऐकले. या व्यासंगातून हाती लागलेला सिद्धान्त असा की, तक्रारदार पहिल्या परिच्छेदात जे सांगतो ती त्याची तक्रार कधीच नसते. पाण्याच्या पाळीवरून कचेरीत आलेला मनुष्य वस्तुतः बारा वर्षांपूर्वी भावाच्या लग्नात आपल्याला शेला दिला नाही म्हणून आलेला असतो, आणि तो शेला बाहेर येईपर्यंत श्रोत्याने पान लावीत थांबावयाचे असते.

सबब मी रेघी कागद घेतला, पेन्सिलीला टोक केले आणि प्रकरण दाखल करून घेतले. वस्तुस्थिती येणेप्रमाणे. 'अमेरिकन फुटबॉल' या नावाच्या तिघा विद्यार्थ्यांच्या संचाने त्याच नावाची ही तबकडी काढली. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना नामक गावी हे तिघे शिकत होते. गाणारा व गिटार छेडणारा माइक किन्सेला, दुसऱ्या गिटारीवर स्टीव्ह होम्स, आणि ड्रम बडविणारा व तेच हात मोकळे होताच ट्रम्पेट फुंकणारा स्टीव्ह लॅमोस. पॉलिव्हिनल या कंपनीने १४ सप्टेंबर १९९९ रोजी ही नऊ प्रकरणांची संचिका प्रसिद्ध केली. तोवर शिक्षण संपत आल्यामुळे संच मोडला, आणि वियोगाची गाणी बाजारात येताना गाणारेच एकमेकांपासून वियुक्त झाले. विक्री बेताची, कीर्ती त्याहून बेताची. तथापि पुढील पिढीतील पोरांनी ही तबकडी हातोहात, कानोकान अशी काही फिरविली की इमो नामक गायनसंप्रदायाच्या हळव्या शाखेत ती आज आद्यग्रंथाच्या जागी मानली जाते. मूळ संप्रदाय १९८५ च्या सुमारास वॉशिंग्टन शहरी 'राइट्स ऑफ स्प्रिंग' आदी मंडळींच्या आरडाओरड्यातून निघाला. पुढे तो मका आणि सोयाबीन पिकविणाऱ्या सपाट मुलखात आला आणि तेथे त्याचा आवाज खाली बसला. सपाट मुलखात ओरडून उपयोग नसतो, हे आम्हा धानपट्ट्यातील लोकांना कोणी सांगावयास नको. प्रतिध्वनी देण्यास डोंगर लागतो.

पहिले प्रकरण 'नेव्हर मेंट'. आरंभी वादकांची किंचित खुडबुड, आणि मग दोन गिटारी सुरू होतात. भाच्याने सांगितले की यात गिटारीच्या सहा तारा रूढ पद्धतीने न मिळविता एफ, ए, सी, जी, सी, ई अशा लावल्या आहेत. म्हणजे हात न लावताच तारा निम्म्याअधिक गहिवरलेल्या असतात, वादकाने फक्त निमित्त व्हावयाचे. या दोन गिटारी परस्परांशी ज्या रीतीने वागतात ती मला चांगलीच परिचित वाटली: एकाच तलावाच्या पाण्यावर शेत भिजविणारे दोन सख्खे भाऊ असतात ना, एकाने पाट सोडला की दुसऱ्याने थांबावयाचे, दुसऱ्याने फोडला की पहिल्याने धुऱ्यावर उभे राहून पाहावयाचे, पाणी दोघांचेही थांबत नाही आणि बोलणे मात्र दोघांचेही बंद, तसा त्यांचा व्यवहार. मी भजनी मंडळातला मनुष्य असल्यामुळे मांडीवर ठेका धरला. पहिल्या आवर्तनात सम सापडली, दुसऱ्यात निसटली, आणि तिसऱ्यात मी जेथे हात टाकला तेथे त्या लॅमोसने काहीच टाकले नाही. "मोजू नोका जी," भाचा म्हणाला. न मोजता ऐकणे हा मोजणी खात्याशी आयुष्यभर पत्रव्यवहार केलेल्या माणसावर अन्याय होता. तरी मी हात आवरला.

मग आवाज आला. इतक्या दुरून आणि इतक्या कमी आग्रहाने कोणी तक्रार मांडलेली मी या जन्मी ऐकली नव्हती. इंग्रजी मला दप्तरापुरते येते, त्या आधारे निष्पन्न झाले ते असे की, दोघांचे होते, आता नाही, आणि जे झाले ते झाले नसते तर बरे, असा एकंदर आशय. मी पेन्सिल सरसावून पुढील परिच्छेदाची वाट पाहिली. अर्जात प्रथम वस्तुस्थिती येते, नंतर झालेला अन्याय, आणि अखेरीस 'करिता विनंती की' हे शब्द व त्याखाली मागणी. 'करिता विनंती की' नसलेला अर्ज आवक नोंदवहीत सुद्धा चढत नाही. या तरुणाने अन्याय सविस्तर मांडला, आणि ऐन मागणीच्या जागी तो गप्प झाला व गिटारी पुन्हा पाट सोडू लागल्या. फिर्याद आहे, दाद मागितलेली नाही. कागदावर मी शेरा मारला: 'अर्जदारास नेमके काय पाहिजे, खुलासा घ्यावा.' नऊही प्रकरणे संपली तरी हा शेरा मला खोडता आला नाही.

याच सुमारास सौभाग्यवती जिना चढून वर आल्या. आम्हा दोघांच्या एकेका कानात एकेक गुंडी, दोघांच्याही माना खाली, मध्ये कागद. त्या दारातच थबकल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "काहून जी, कोनी गेलं का?" कोणी गेले नसून ऐकणे चालू आहे, असे सांगताच त्यांनी एक गुंडी स्वतःच्या कानाशी धरली, थोडा वेळ ऐकले, आणि "असा एकटा एकटा रडते थो? घरी कोनी नाही का त्याले?" असा प्रश्न विचारून त्या तांदूळ निवडावयास निघून गेल्या.

या प्रश्नात आमच्या झाडीपट्टीचे अवघे रसशास्त्र सामावलेले आहे. धान निघून खळी रिकामी झाली की दिवाळीपासून होळीपर्यंत आमच्या गावोगावी रात्रभर नाटके चालतात, वडशाच्या मंडळ्या येतात, जुळून आले तर दिवसा शंकरपट आणि रात्री रंगभूमी. आणि तेथील दुःख असे कानात गुंडी घालून घ्यावयाचे नसते. रंगमंचावर आईने टाहो फोडला की समोर बोऱ्यावर बसलेल्या बायांचे पदर एकदम डोळ्यांना लागतात, मांडीवरचे पोर दचकून उठते व तेही सूर लावते, ऑर्गनवाला मान हलवीत तो सूर उचलतो, पाठीमागून कोणी म्हातारा त्या खलनायक मुलाला नाव घेऊन शिवी हासडतो, आणि सर्वांचे नाक पुसून होण्याच्या आत विनोदी पात्र धोतर सावरीत आत येते. आमच्याकडे दुःखाचा पंचनामा होतो; पंच असतात, साक्षीदार असतात, सह्या-अंगठे असतात. या इलिनॉयच्या मुलाने मात्र पंचांना बोलावलेच नव्हते, आणि विनोदी पात्राची मी शेवटपर्यंत वाट पाहिली.

दुसऱ्या प्रकरणाशी माझा तात्त्विक मतभेद आहे. 'द समर एंड्स', म्हणजे उन्हाळा सरतो, हे त्याचे शीर्षक. आणि उन्हाळा सरण्याचे दुःख हा विषय भंडारा जिल्ह्यातील रहिवाशास स्थानिक चौकशीअंती अग्राह्य वाटणे स्वाभाविक आहे. मे महिन्याच्या अखेरीस नवतपा लागतो, पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो, खांब तलावावरून येणारा वारा सुद्धा भट्टीवरून आल्यासारखा लागतो, आणि अशा समयी उन्हाळा सरला म्हणून कोणी गिटार घेऊन हळहळू लागला, तर त्यास लोक प्रथम सावलीत नेतील व कांद्याचा रस पाजतील. आमचे दुःख उन्हाळा न सरण्याचे असते: मृग कोरडा गेला, पऱ्हे पिवळे पडले आणि रोवणा खोळंबला, हे शोकगीताचे विषय. परंतु विद्यार्थ्यांच्या त्या गावी उन्हाळा सरणे म्हणजे सुट्टी संपणे, आणि सुट्टी संपणे म्हणजे कोणी कोणत्या गावी जावयाचे याचा निकाल लागणे, असा उलगडा भाच्याने केल्यावर मी हरकत मागे घेतली नाही, पण तहकूब ठेवली. तहकुबीचे खरे कारण ट्रम्पेट होते. पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या या शहरात मी पितळेचा आवाज जन्मापासून ऐकत आलो आहे, परंतु तो ठोकण्याचा, आपटण्याचा, अथवा वरातीत सर्वांना नाचविण्याचा. पितळ इतक्या हलक्या फुंकरीने, कोणाला झोपेतून उठवू नये अशा बेताने वाजू शकते, हे मला ठाऊक नव्हते. हा लॅमोस पुढे कोलोराडो विद्यापीठात लेखनविद्या शिकविणारा प्राध्यापक झाला. ड्रमवाला प्राध्यापक झाल्याचे एवढे एकच उदाहरण मजपाशी आहे. प्राध्यापकांनी ड्रम वाजविल्याची पुष्कळ देता येतील.

पाचवे प्रकरण तर केवळ वाद्यांचे. आपण आता निघावयास हवे, हे तुला ठाऊकच आहे, अशा आशयाचे त्याचे शीर्षक, आणि त्यापुढे शब्द एकही नाही. आमच्याकडे निघावयाचे म्हटले की पाहुणा प्रथम बैठकीत उठतो व पुन्हा बसतो, मग ओसरीत वहाणा शोधताना जमिनीचा नवा भाव निघतो, फाटकाशी मुलीच्या स्थळाचा विषय निघतो, आणि मोटारसायकल सुरू झाल्यावर ती बंद करून मुख्य गोष्ट सांगितली जाते. हे गृहस्थ निमूट निघून गेले, आणि ते गेल्याचे मला पुढचे प्रकरण लागल्यावर कळले.

आता ज्या तपशिलाने मी खऱ्या अर्थाने या तबकडीच्या कचाट्यात सापडलो, तो संगीताचा नसून तारखेचा आहे. सन १९९९. त्याच वर्षी १ मे रोजी आमच्या भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया निराळा झाला. अर्बानाच्या मुलांना वियोग काय तो ठाऊक, आणि आम्ही जणू नुसते झेंडे लावून मोकळे झालो? त्या काळात आमच्या कचेरीत बस्त्यांची वाटणी चालली होती. तांबड्या फडक्यातील ते जुने बस्ते, ज्यांत शतकापूर्वीचा पटवारी शेजारशेजारच्या दोन गावांची नावे एकाच शाईत लिहून गेला होता, ते सोडून, झटकून, हे तुमचे, हे आमचे, असे दोन ढीग होत होते. नवेगावचा बांध तिकडे, पवनीचा किल्ला इकडे. देवरी तिकडे, लाखांदूर इकडे. आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षे बसून माझ्या डब्यातील लोणचे खाणारा सहकारी तिकडे. त्याने जाताना मागणी केली नाही, मीही केली नाही. 'तिकडे पोहोचल्याचे कळवा' एवढे मी म्हणालो, तेही शासकीय आवाजात. आठवे प्रकरण 'स्टे होम' फार लांब आहे, त्यात शब्द थोडे आणि त्यांची आवर्तने पुष्कळ. ते चालू असताना मी कागदावर काही लिहिले नाही. भाच्याने मजकडे पाहिले, आणि जाणत्या मुलाप्रमाणे पुन्हा पुस्तकात डोके घातले.

पुढे २०१४ साली या तिघांनी पुन्हा एकत्र येऊन कार्यक्रम केले, आणि ज्यांचे ऐकावयास एके काळी मोजकी मित्रमंडळी जमत, त्यांच्यासाठी न्यूयॉर्कात सभागृहे भरली. भंडारा आणि गोंदिया यांचे पुनर्मीलन इतके काव्यमय नसले तरी २००८ च्या पुनर्रचनेत दोघांचा मिळून लोकसभेचा मतदारसंघ एकच झाला, त्यामुळे दर पाच वर्षांनी आम्हाला एकमेकांचे तोंड पाहावेच लागते. वाघांचे अभयारण्यही उभयतांत सामाईक आहे, आणि सीमा कोठून जाते हे वाघांस अद्याप कळविण्यात आलेले नाही.

राहता राहिले मुखपृष्ठ. त्यावर अर्बानातील एका पांढऱ्या घराचा खालून घेतलेला फोटो आहे, संध्याकाळची वेळ, वरच्या मजल्यावरील एकच खिडकी उजळलेली. या घराला लोक दुरून दुरून येऊन पाहतात व पुढे उभे राहून आपले फोटो काढतात, इतके की घर पाडले जाऊ नये म्हणून २०२३ मध्ये संचातील मंडळी, तबकडीची कंपनी, मूळ फोटो काढणारा आणि आणखी काही जण यांनी मिळून ते खरेदी केले. फेरफार नोंद कोणाच्या नावे झाली, सहधारकांचे हिस्से कसे लागले, नगरपालिकेचा कर कोण भरतो, हे माझे प्रश्न भाच्यास रसभंग करणारे वाटले. त्यास एवढेच सांगावयाचे होते की नोकरी लागली की एकदा त्या खिडकीखाली जाऊन उभे राहावयाचे आहे. मी त्यास म्हटले, बाबा, त्यासाठी इलिनॉयचा खर्च कशाला? आमच्या गल्लीत दिवेलागणीला कोणाच्याही घरापुढे उभे राहून वरच्या मजल्यावरील खिडकीकडे टक लावून पाहा. तिसऱ्या दिवशी मुलीचे वडील खाली येतात, चौथ्या दिवशी तुझे वडील साकोलीहून येतात, आणि त्यापुढे जे काही घडते त्यावर नऊ गाणी सहज निघतील, ड्रमासह.