कोंबडं झाकण्याआधी

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं आपले पूर्वज सांगून गेले. उजाडण्याची काळजी त्यांनी वाहिली. झाकलेल्या कोंबड्याचा जीव आत किती गुदमरला, याबद्दल मात्र म्हण गप्प आहे. ती उणीव भरून काढणारी ही कृती. रश्शाची नव्हे, खुराड्याची.

साहित्य : कोकणातलं परसदार, जांभ्याचं एक खुराडं, आठ कोंबड्या, एक कोंबडा, अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी, गोणपाट, भाताचं तूस आणि सल्ला देणारी आई. शेवटचा जिन्नस घरात नसल्यास शेजारून आणावा.

कृती :

१. पहाटे गुडघे टेकून डोकं खुराड्यात घालावं. डोळे चुरचुरले तर तो अमोनिया. ओल्या शिटेतून सुटतो. उभ्याने वास घेऊ नये, कोंबडी साडेपाच फुटांवर श्वास घेत नाही. रस्त्यावरून कुणी विचारलंच, तर 'अंडं शोधतोय' म्हणावं.

२. मी पहिली खिडकी पश्चिमेला पाडली. कोंबड्यांना सूर्यास्त दिसावा, एवढीच इच्छा. कोंबड्या तिन्हीसांजेला भिंतीकडे तोंड करून दांडीवर बसल्या आणि जूनमध्ये त्या खिडकीतून पाऊस आडवा आत आला. तुसाची लापशी झाली. तेव्हा खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, जाळ्या उत्तर-दक्षिणेला लावाव्यात आणि वळचण दोन-तीन फूट बाहेर काढावी. तूस रोज उकरावं, भिजलेलं काढून टाकावं.

३. गरम, दमट हवा वर चढते. म्हणून झरोका छपराखाली, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्याही वर हवा. ताजी हवा आत यायला समोरच्या भिंतीत खालची जाळी. कोंबडीचं अंग मुळातच ४१ अंशांच्या आसपास तापलेलं, त्यात तिला घाम येत नाही. मे महिन्यात ती चोच वासून धापा टाकते, अंडी कमी होतात आणि आपण तिला आळशी ठरवतो.

४. बाजारात षटकोनी भोकांची 'कोंबडीची जाळी' मिळते. ती फक्त कोंबडीला अडवते. मुंगूस तिला दार समजतं. साहित्यातल्या आठांच्या सात झाल्या, त्या याच पायरीवर. वेल्डेड जाळीच घ्यावी आणि कडेने पट्टी ठोकून बसवावी.

५. थंडीत माया आवरावी. डिसेंबरात मी चारही बाजूंनी गोणपाट शिवून टाकलं. सकाळी छपराला आतून थेंब लटकलेले, पिसं दमट आणि सात चेहरे रुसलेले. आई म्हणाली, "झिला, थंडी लागात म्हणान वारोच बंद केलंस?" पिसांची रजई कोंबडी अंगावर घेऊनच फिरते. गोणपाट वाऱ्याच्या बाजूलाच सोडावं, वरचा झरोका उघडा ठेवावा.

टीप : इतकी हवा खाल्लेली कोंबडी पुढे खाववत नाही. जिच्या झरोक्यासाठी आपण शिडीवरून पडलो, तिला वाटण लावताना हात थरथरतो.

कोंबड्याची प्रकृती उत्तम आहे. नव्या झरोक्यातून त्याला समोरच्या खांबावरचा दिवा दिसतो. त्यालाच सूर्य समजून तो रात्री तीनला बांग देतो, न थांबता, भरल्या छातीने. पूर्वज कोंबडं का झाकत असत, ते आता कळलं.