आण्णांचे रकाने

भोरच्या एसटी स्टँडवर वेल्ह्याची गाडी लागेपर्यंत जगातल्या कुठल्याही धर्माचा निकाल लागतो. बाकावर फक्त आण्णा हवेत. वेल्हे तालुका आता राजगड झाला, तरी आण्णा तिकीट वेल्ह्याचंच मागतात. मांडीवर वही, वहीत उभे रकाने: देव किती, जन्म किती, उपास किती, माफी आहे का.

तीस वर्षं गावच्या विकास सोसायटीचे सचिव. त्यामुळे मोक्षसुद्धा त्यांना खतावणीतच दिसतो. "ख्रिस्ती म्हंजी सरसकट कर्जमाफी, बगा. हप्ता दुसऱ्यानंच भरला, तोबी क्रुसावर. आपल्यात थकलं तर व्याजासकट पुढल्या जन्मी. मुसलमानात हिशोब एकदाच, शेवटच्या दिशी, पर सायेब दयाळू. बौद्धात तर आत्माच न्हाई! खातेदारच सापडंना, वसुली कुणाकडनं?"

जन्मांचा रकाना त्यांचा लाडका. "ख्रिस्ती मान्साला एकच गाडी. म्हनून ती लोकं येळंवर. आपल्याला काय, मागनं दुसरी हायेच." हे पटवून देता देता वेल्ह्याची गाडी सुटते. नेहमीच.

माणूस वाचतो मात्र मन लावून. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं ख्रिस्ताचं पुराण मराठी ओवीत रचलं, ते १६१६ साली छापलं गेलं, ओव्या दहा हजारांवर, हे त्यांना तोंडपाठ. "आन् सवर्गाला वैकुंठ म्हनतोय गडी! आता ह्याला कंच्या रकान्यात घालू?" रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण तुकोबांचा हात धरूनच गेले. तिथं वहीवर शाई सांडली आहे.

या उद्योगाचं मूळ मला उशिरा कळलं: भाताच्या खाचराचा बांध. पलीकडे धाकटा भाऊ. आण्णांना असा धर्म हवा होता, ज्यात सगळ्यांना माफी आहे, भाऊ सोडून.

नसरापूरच्या एका निवृत्त सिस्टर त्याच बाकावर बसायच्या. त्यांनी येशूनं पेत्राला दिलेला आकडा सांगितला: सत्तर गुणिले सात वेळा क्षमा. आण्णांनी तिथंच गुणाकार मांडला. "चारशे नव्वद. धाकल्यानं चारशे एक्क्याण्णवव्यांदा बांध कोरलाय."

मग ते जैनांकडे वळले. ज्याचं कर्म त्यानंच फेडायचं, जामीनदार नाही; हे एकदम पसंत. पण पेठेतल्या जैन दुकानदारानं पुडी बांधता बांधता सांगितलं, "आण्णा, संवत्सरीला आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. भावाची आधी."

"मागतो?" आण्णा हादरले. द्यायची इथवर ठीक होतं. मागायचा रकाना वहीत आखलेलाच नव्हता.

पुडी न घेताच ते स्टँडवर आले. वही मिटलेली. वेल्ह्याची गाडी लागलेली, आणि त्या दिवशी ती त्यांना मिळालीसुद्धा. खिडकीशी धाकटा बसला होता. दोघं एकाच बाकड्यावर, मध्ये पिशवी ठेवून, वेल्ह्यापर्यंत गेले.

दावा भोरच्या कोर्टात चालू आहे. तारखेला दोघं एकाच गाडीनं येतात. तिकिटं आण्णा काढतात.