गोटीकाका

जुना फ्लॅट घ्यायचा म्हटलं की आमच्या कोथरूडातली माणसं बँकेच्या आधी गोटीकाकांना गाठतात. काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. खिशात टेस्टर, जुना रुपया आणि काचेची गोटी. फी घेत नाहीत. आनंद घेतात.

बघायच्या घरात शिरल्यावर चहाला ठाम नकार. मिंधेपण नको! हॉलकडे ढुंकूनही न बघता थेट न्हाणीघर गाठायचं. "हॉल दाखवायला असतो हो, घर कळतं ते इथं." बादलीभर पाणी ओतायचं आणि ते जाळीकडे जातं की उंबऱ्याकडे, हे मांडी घालून पाहायचं. मग गोटी. ती हॉलच्या मधोमध ठेवली की मालकाचा जीव टांगणीला लागतो. त्यानंतर रुपयानं एकेक फरशी वाजवणं. बद्द आवाज आला की काका कान टेकवून पुन्हा वाजवतात, भजनी मंडळात पखवाज लावणाऱ्यासारखे.

"हे कपाट इथं का?"

"वास्तुशास्त्राप्रमाणे."

काका मागे हात घालतात, बोटं हुंगतात. "वास्तूला सर्दी झालीय."

कागदांचं तसंच. इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं कन्व्हेयन्स. "भोगवटा पत्र?" असं विचारल्यावर एका मालकानं अभिमानानं सांगितलं, "अहो, २५ वर्षं राहतोय!" काका म्हणाले, "म्हणजे भोगताय. पत्र कुठंय?" नऊशे फुटांचा फ्लॅट काकांच्या टेपखाली सहाशे दहा कार्पेट भरतो. उरलेलं क्षेत्रफळ ते जिन्यात शोधतात. पाण्याचं मात्र सेक्रेटरीला कधीच विचारत नाहीत, वॉचमनला विचारतात. टँकर किती वाजता येतो हे त्यालाच ठाऊक असतं, आणि त्याला फ्लॅट विकायचा नसतो.

काकांचा छळवाद खोटा नाही, हेही सांगायला हवं. नव्या इमारतीत ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर रेरा कायद्यानं बिल्डरला तो स्वखर्चानं दुरुस्त करून द्यावा लागतो. जुन्या फ्लॅटचा विकणारा सही करून निघून जातो. मागे राहते ती ओल. म्हणून काकांचा दंडक एकच : घर बघावं ते जुलैत. उन्हाळ्यात सगळ्याच भिंती सज्जन असतात.

या दंडकापायी काकांच्या भाच्यानं इतकी घरं नाकारली, की आता त्याला कोथरूड परवडत नाही. तो भाड्यानं राहतो. काकांच्या मते, सुखात.

यंदा काकांनी स्वतःचा फ्लॅट विकायला काढला. घ्यायला आलेलं जोडपं आयटीतलं. काकांनी दारातच चहा पुढे केला, वर चिवडा. हॉलमध्येच तासभर बसवलं. रंगाचा वास येत होता. "दर वर्षी देतो," काका म्हणाले. मुलानं ओल मोजायचं यंत्र बाहेर काढलं, तसे ते दुखावले. "यंत्राला काय कळतंय? घराला माया असावी लागते."

मुलीनं विचारलं, "काका, हे कपाट इथं का?"

"वास्तुशास्त्राप्रमाणे."

त्यांना ते पटलं. व्यवहार झाला, कपाटासकट. मे महिन्यात.