झाडाच्या दोन्ही बाजूंना

मृगाच्या तोंडावर आबांना स्वीडनला नेणं म्हणजे अक्षता पडताना नवरदेव उचलून नेण्यासारखं. पण व्हिसाला नक्षत्रं कळत नाहीत. मेहकरजवळच्या आमच्या गावात पाऊस पडला की नाही, हे आबा तासातासाला फोनवर विचारत होते आणि आम्ही स्टॉकहोमहून रात्रभराच्या रेल्वेने किरुनाला निघालो होतो. ‘रात्रभर’ हे फक्त म्हणायला. जूनमध्ये तिकडे सूर्य मावळतच नाही. दिवेलागणीला देवापुढे हात जोडणारी आई रात्री साडेअकराला खिडकीशी बसून म्हणाली, “हा कवा जाते घरी?”

किरुनाजवळ युकासयार्वी नावाचं खेडं आहे. तिथे रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांचं उघड्यावरचं संग्रहालय आहे: झाडीत उभे केलेले तंबू, खांबांवर उचललेली लाकडी कोठारं आणि कुंपणात रेनडिअर. तिकिटाचा आकडा मी आबांना सांगितला नाही. तरी आत शिरताच ते म्हणालेच, “काहून रे, इतल्या लांब बकऱ्या पाह्याले आनलं मले?”

निळा, लाल काठांचा पोशाख घातलेल्या सामी बाईंनी माहिती सुरू केली. मी दुभाषा. रेनडिअरमध्ये नर-मादी दोघांनाही शिंगं असतात. नराची हिवाळ्याच्या सुरुवातीला गळतात. गाभण मादीची वसंतापर्यंत टिकतात, म्हणजे बर्फ उकरून काढलेला चारा तिला राखता येतो. आबांनी आईकडे पाहिलं. “आपल्याकडंबी तसंच हाय.”

चालताना रेनडिअरच्या पायातली शीर टक्‌टक् वाजते. हिमवादळात काही दिसेनासं झालं तरी त्या आवाजावर कळप एकत्र राहतो, असं बाई म्हणाल्या. आबा म्हणाले, “माह्ये गुडघे तं दहा वर्षांपासून वाजून राह्यले, पन कोनी जवळ येत नाही.” एवढं भाषांतर मी गाळलं.

मग रेनडिअरना खाऊ घालायला आमच्या हातात करड्या रंगाचं, ठिसूळ, झुडपासारखं काहीतरी दिलं. हिवाळ्यात रेनडिअर मुख्यतः यावर जगतात. आईने ते नाकाशी नेलं, बोटांत चुरलं. “अगं माय! हे तं दगडफुलाच्या जातीचं हाय!” खरंच की. काळ्या मसाल्यातलं दगडफूलही याच प्रकारचं. सबंध ध्रुवप्रदेशाचा हिवाळा मसाल्याच्या डब्यावर निघतो, हे कळल्यावर आईला तो देश एकदम घरचा वाटू लागला. “पन नुसतंच खातात? भाजतबी नाहीत?”

आबांनी तोवर बाजारातला रिवाज सुरू केला होता. एका रेनडिअरचा ओठ वर करून ते दात पाहत होते. शिंगांवर मऊ मखमल, डोळ्यांत भीती. मी घाबरलो, बाई मात्र हसल्या. “वरचे पुढचे दात नाहीत,” आबांनी निकाल दिला. “रवंथ करनारं हाय. जात आपलीच.” मग त्यांना कानाच्या कडेला कापलेल्या खाचा दिसल्या. पाडसाच्या कानावर प्रत्येक मालकाची वेगळी खूण असते आणि ती लांबूनही ओळखता येते, हे ऐकून आबांनी बाईंना हात जोडले. संग्रहालय तिथे संपलं आणि दोन जनावरवाल्यांची भेट सुरू झाली.

भेट चांगली रंगली होती, तेवढ्यात मी शहाणपणा केला. “तुमची एकूण रेनडिअर किती?” बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “झाडाच्या दोन्ही बाजूंना आहेत.” सामी माणसाला हे विचारणं म्हणजे बँकेतली शिल्लक विचारणं.

मी भाषांतर करायच्या आधीच आबा माझ्यावर खेकसले. “काय इचारलं तू? किती हायेत म्हनून? लाज नाही वाटत? पशुगणनेवाल्यालेबी मी कवा खरा आकडा सांगतला नाही!”

त्यांना ना स्वीडिश येत, ना इंग्रजी. बाईंचा चेहरा मात्र त्यांना नीट वाचता आला.

पेरणीला आबा गावी पोचले. संध्याकाळी पारावर सगळे जमले. स्वीडन कसा, थंडी किती, हे सगळं झाल्यावर शेवटी कुणीतरी विचारलंच, “आबा, खर्च किती आला असंन?”

आबांनी पिंपळाकडे पाहिलं.

“या झाडाच्या दोन्ही बाजूंनी.”