लगाम मामांच्या हाती

"नवरदेव, मांड्या सैल सोडा. तुम्ही अशा आवळल्यात की राणीसाहेबांना वाटतंय, पळा म्हणताय."

तांबडी जोगेश्वरीला नारळ वाढवून वरात निघते, त्या वेळी मामांचं हे पहिलं वाक्य. वरातीची घोडी धरणारे ते मामा. कुणाचे मामा, हे कुणी विचारत नाही. वरातीत तसेही चार-पाच मामा असतातच. लग्नाच्या अल्बममध्ये मात्र हे सापडायचे नाहीत. सापडलाच तर लगाम धरलेला एक हात, तोही मनगटापर्यंत.

मामा घोडीला अहो-जाहो करतात आणि माणसांना अरे-तुरे. "राणीसाहेब, पुढं खड्डा आहे हं" आणि लगेच, "ए सुटाबुटातल्या, हो की बाजूला!" नवरदेवाला तेवढं 'तुम्ही' मिळतं, तेही घोडीवर बसलाय तोवर.

घोडीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे तिला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त अगदी कपाळापुढचं आणि थेट शेपटीमागचं. करवल्यांना सेल्फीसाठी जागा हवी असते ती नेमकी शेपटीमागची. "मागनं येणार असाल तर बोलत या," मामा ओरडतात. एरवी ज्यांना गप्प बसा म्हणून सांगावं लागतं, त्या करवल्या तेवढ्यापुरत्या मुक्या होतात.

मामांची नजर रस्त्यावर नसते, घोडीच्या कानांवर असते. एक कान पुढं, एक मागं, म्हणजे ऐकतेय, चालू द्या. दोन्ही कान ताठ, मान वर, नाकपुड्या फुललेल्या, म्हणजे बुजलीय. यानंतर उधळायला क्षणसुद्धा लागत नाही. आणि उधळली की नवरदेव दोन्ही हातांनी लगाम खेचतो. तिला काय, ओढायला आयताच जोर मिळतो. त्यापेक्षा तोंड एका बाजूला वळवायचं, गोल फिरवायचं, वेग आपोआप मोडतो. ठीक आहे. पण बुधवार पेठेत गोल फिरायला जागा कुठाय? इथं स्कूटर वळवायची तर दोन दुकानदारांची परवानगी लागते.

म्हणून मामा सगळं आधी करून ठेवतात. नवी घोडी असली की बँडचा सराव चालू असताना तिला लांबून फिरवायचं. आज रस्त्याच्या टोकाला, उद्या थोडं जवळ. घाबरली नाही की लगेच गुळाचा खडा. सोबत एक म्हातारा घोडा. तो ताशाला दचकत नाही, कारण मामांच्या मते त्याला ऐकूच येत नाही. पण हे नव्या घोडीला कोण सांगणार?

आमच्या मावसभावाच्या वरातीत अप्पा बळवंत चौकात एका काकांनी न सांगता फटाक्यांची माळ लावली. राणीसाहेबांचे कान ताठ. मामांनी तिचं तोंड थेट आपल्या काखेत घेतलं, जनरेटरच्या गाडीला खांद्यानं मागं रेटलं आणि गाडी आणि क्लॅरिनेटवाला यांच्यामधल्या फटीत घोडी गोल फिरवली. तोंडानं एकच, "ओऽ, ओऽ, ओऽ." मावसभाऊ आयाळीला मिठी मारून होता. मुंडावळ्या दोघांच्याही तोंडावर.

सगळं शांत झाल्यावर मी, पुणेकर असल्यामुळे, मामांना इतिहास सांगितला. सवाई माधवराव पेशव्यांचा हत्तीवरून तोल गेला तेव्हा अप्पा बळवंत मेहेंदळ्यांनी त्यांना सावरलं, म्हणून या चौकाला त्यांचं नाव, असं सांगतात.

"एकदाच सावरलं ना?" मामा म्हणाले. "आमच्या नावानं एखादं बाकडंही नाही."

कार्यालयाच्या दारात मावसभाऊ उतरला, तेव्हा त्याचे गुडघे लटलटत होते. मामांनी त्याचा दंड धरला, मानेवर दोनदा थोपटलं, "ओऽ, ओऽ" केलं आणि खिशात हात घालून त्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला. त्यानंही तो मुकाट्यानं तोंडात टाकला.