आधी फेज बघा

कॉम्प्युटर बंद पडला की घरातले लोक सगळ्यात महागडा रोग आधी ठरवून टाकतात. मांडवगण फराट्याला अण्णांच्या, म्हणजे माझ्या चुलत्यांच्या मळ्यातला डेस्कटॉप बटण दाबूनही हूं की चूं करेना, तेव्हा पुतण्याने "मदरबोर्ड गेला" असा निकाल दिला. एमएस-सीआयटी झालेल्या भाच्याने तो फिरवला, "विंडोज उडालंय, फॉरमॅट मारावा लागंल." फॉरमॅट मारायला आधी पडद्यावर काहीतरी दिसावं लागतं, पण सर्टिफिकेट असलेल्या माणसाला कोण बोलणार? अण्णांना सातबारा काढायचा होता. त्यांनी सरळ रिवायंडिंगवाल्या बापूंना फोन लावला.

"मोटारवाला कॉम्प्युटरचं काय बघणार?" भाचा पुटपुटला.

बापूंनी खिशातून टेस्टर काढला. "आधी फेज बघा. बोर्डात लाइट हाय का?" होती. मग त्यांनी स्क्रीनची वायर काढून सीपीयूला लावली. दोन्हीकडे एकच वायर चालते, हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं. मागे छोटी कळ आहे का, तेही तपासलं. जुन्या काही एसएमपीएसवर, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, ११५-२३० अशी लाल कळ असते. ती चुकून ११५ वर गेली, तर आपल्या २३० व्होल्टला तो डबा आयुष्यात एकदाच बोलतो, पण मोठ्याने बोलतो. आमच्या डब्यावर ती नव्हती.

पुढचं बटण खराब असेल म्हणून मी मदरबोर्डावरच्या त्याच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने टेकवल्या. शांतता. पूर्वी हे बटण थेट लाइट जोडायचं-तोडायचं. १९९५ साली इंटेलने एटीएक्स मांडणी आणली, तेव्हापासून ते नुसता अर्ज करतं आणि लाइट सोडायचं काम एसएमपीएस करतो. कचेऱ्यांत खेपा घातलेल्या अण्णांना हे ताबडतोब पटलं. "म्हंजी सायबच जाग्यावर नाय," ते म्हणाले.

साहेब आहेत का, ते बघायची युक्ती सोपी आहे. लाइट बंद करून एसएमपीएसचा मोठा सॉकेट मदरबोर्डातून काढायचा, त्यातली हिरवी तार काळीला तारेच्या तुकड्याने जोडायची आणि मग लाइट द्यायची. पंखा फिरला तर एसएमपीएसमध्ये जीव आहे. "आपण स्टार्टर डायरेक्ट करतो तसंच की!" बापू खूश झाले. पंखा मात्र फिरला नाही.

त्यांनी जाळीतून बॅटरी मारली. "कंडेन्सर फुगलाय." खरंच, आतल्या दोन कपॅसिटरांच्या टोप्या वर आल्या होत्या. भाचा पाना घेऊन धावला, तसे बापू ओरडले, "हात नको लावू! लाइट काढली तरी कंडेन्सर झटका देतो." बरोबरच होतं. आत सव्वातीनशे व्होल्टपर्यंतचा साठा असतो.

फुगला कशाने, हेही त्यांनीच सांगितलं. थ्री फेज आली की शिवारातल्या ऑटोस्विच लावलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात. उठताना मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. व्होल्टेज बसतं, पुन्हा उसळतं. ऊस भिजतो आणि कॉम्प्युटर सोसतो. शिवाय डब्यातली धूळ! आमच्या डब्यातून निघालेल्या मातीत मेथी उगवली असती.

नवा एसएमपीएस शिरूरहून आणायचा की भीमेपलीकडच्या दौंडहून, यावर रोग शोधण्यापेक्षा जास्त वेळ गेला. शेवटी दौंड जिंकलं, कारण पुतण्याला तिकडे दुसरंच काहीतरी काम होतं.

जोडणी झाली, पंखा फिरला, बीप वाजला, पडदा उजळला. तारीख मात्र १ जानेवारी २००९! मदरबोर्डावरचा नाण्याएवढा सेल जुना; मागून लाइट मिळत होती तोवरच घड्याळ कसंबसं चाललं होतं. तारीख चुकीची, म्हणून सातबाऱ्याची साइटही उघडेना.

"सेल बदलू, तारीख टाकू, दोन मिनिटांचं काम," मी म्हणालो.

"थांब जरा," अण्णा खुर्ची ओढत म्हणाले. "२००९ साली सोसायटीचं कर्ज काढलं नव्हतं."