श्रीमान बोरघाट यांस अनावृत पत्र

श्रीमान बोरघाट, मुक्काम खोपोली ते खंडाळा, यांचे सेवेशी,



हौशी सायकल-शर्यतींच्या जमाखर्चात ज्यांच्या नावे एक कवडीही पडत नाही असे सबंध मुंबई-पुणे मार्गावर आपण एकटेच उरला असल्यामुळे, आपल्या या बेहिशेबी वर्तनाबद्दल आपणांस जाहीर समज देणे आम्हां सायकलस्वारांस प्राप्त झाले आहे.

१८३० साली गव्हर्नर माल्कमसाहेबांनी आपल्या अंगावरून गाडीरस्ता खुला केला, १८६३ साली आगगाडी चढली. पुढे आगगाडीस भाडे आणि मोटारीस पथकर द्यावा लागला, परंतु आपली सुमारे पाचशे मीटरांची चढण पायांच्या बळावर चढणाऱ्याकडून आपण घामाखेरीज काही वसूल केल्याची दप्तरात नोंद नाही.

याबाबत आमच्या शर्यत-समितीच्या चिटणीसांचा कित्ता गिरवावा. शर्यत भरवावयाची म्हणजे त्यांनी प्रथम अर्जांची भेंडोळी घेऊन परवानग्यांसाठी नाना कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे. मग बंदोबस्त, रुग्णवाहिका, विमा, वेळ मोजणारी यंत्रे, पाणी, केळी, पदके आणि कोणाच्याही अंगास नीट न बसणारे सदरे यांची तजवीज करावी. आणि हा खर्च प्रवेशशुल्कातून निघत नाही असे आढळून आल्यावर, ज्यांचे छायाचित्र फलकावर सायकलीहून मोठे छापावे लागते अशा एखाद्या उदार पुरुषाच्या दारी उभे राहावे. १९०३ साली पॅरिसच्या ‘लोतो’ पत्राने फ्रान्सच्या प्रदक्षिणेची पहिली शर्यत योजिली, तेव्हा २० फ्रँक शुल्क भरणारे पुरेसे मिळेनात म्हणून ते १० वर आणून वर काहींस रोजचा भत्ताही कबूल केला. परंतु त्यांस वर्तमानपत्र खपवावयाचे होते, आमच्या समितीपाशी खपविण्याजोगे काहीच नाही.

स्पर्धकाचेही तेच. सांगली-कोल्हापूरकडच्या पोराने शुल्क भरावे, सायकल टेम्पोत घालून आणावी, आदल्या रात्रीचा मुक्काम शोधावा, टायर-ट्यूब बदलाव्या आणि एवढे करून सर्वांआधी आपल्या माथ्यावर पोहोचल्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब घ्यावा. स्वतःच्या राज्यात शिरण्यासाठी फी भरणारा राजा इतिहासात विरळाच! उलट शहरातील सुखवस्तू गृहस्थ, सायकल ६.८ किलोंहून हलकी नसावी या आंतरराष्ट्रीय दंडकाच्या अगदी सीमेपर्यंत जाण्यासाठी ग्रॅमागणिक रुपये मोजतात. पोटावरचे दोन-चार किलो उतरविण्यास मात्र काही पडत नाही, म्हणून तिकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

महाराज, आपल्या उपेक्षेचे कारणही हेच. ज्या बाबीस पावती नाही ती हिशेबतपासनिसास दिसत नाही, आणि जी हिशेबात नाही ती अहवालात येत नाही. त्यामुळे समारंभात देणगीदार, प्रमुख पाहुणे, मंडपवाले आणि ध्वनिक्षेपकवाले या सर्वांचे आभार मानले जातात, आणि ज्या चढणीसाठी हा सारा खटाटोप मांडला तिचा नामोल्लेखही होत नाही.

तरी आपण प्रत्येक वळणास रीतसर दर ठरवून, ठसठशीत मोहोरेचे बिल समितीकडे पाठवावे. रक्कम मिळेलच असे नाही, कारण मंडपवाल्याची बाकी अद्याप तुंबली आहे; मात्र येणेकऱ्यांच्या यादीत नाव चढताच पुढील सभेत आपली चर्चा होईल, एवढी हमी देतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
शुल्क भरून दमलेला एक हौशी सायकलस्वार